सोमवारी सकाळी ठीक दहा वाजता

आमच्या घरात पत्रकं आधी आली आणि फ्रिज नंतर. बाबा एका खासगी शाळेत लिपिक होते, पण ती त्यांची नोकरी. त्यांचं काम म्हणजे पत्रकं लिहिणं. विरारच्या फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीला नळाचं पाणी नव्हतं तेव्हा त्यांनी पाण्याचं पत्रक काढलं. पाणी आलं तेव्हा ते गढूळ येतं म्हणून काढलं. रस्ता खणला की खणल्याचं, बुजवला की नीट न बुजवल्याचं. मला अक्षरओळख झाली ती या पत्रकांच्या मथळ्यांवरून, त्यामुळे 'क' कमळाचा हे मला शाळेत गेल्यावर कळलं. घरी तो कराचा होता.

चौथीत असताना 'माझी आई' या निबंधाची सुरुवात मी 'बंधूंनो आणि भगिनींनो' अशी केली आणि शेवटी आईच्या वतीने तीन मागण्या मांडल्या. बाईंनी दहापैकी चार गुण दिले. आईने मात्र निबंध दोनदा वाचला आणि दुसरी मागणी, म्हणजे रविवारची भांडी बाबांनी घासावीत ही, त्याच संध्याकाळी मान्य करून घेतली. लिहिल्याने काही होत नाही असं मला कोणी सांगितलं की मी अजूनही त्या भांड्यांचा दाखला देते.

बाबांचे पत्रकाचे नियम ठरलेले होते. पहिली ओळ रिक्षात बसलेल्या माणसाला धावत्या रिक्षातून वाचता आली पाहिजे. एकही शब्द असा नको की भाजीवाल्या मावशींना दुसऱ्याला विचारावा लागेल. आणि शेवटी दिवस, वेळ, ठिकाण हवंच.

"राग लोकांकडे असतोच," ते म्हणायचे. "तो घेऊन कधी आणि कुठे यायचं, तेवढं आपण सांगायचं. वेळ नसलेलं पत्रक म्हणजे नुसतं गाऱ्हाणं."

पदवी मी राज्यशास्त्राची घेतली. अशी पदवी घेऊन मुली बहुतेक स्पर्धा परीक्षांना बसतात किंवा लग्नाला उभ्या राहतात. मी आयटीत जायचं ठरवलं, त्याला कारण आमच्या इमारतीतलेच लोक होते. कॉलेजात असताना शेजारीपाजारी माझ्याकडून ऑनलाइन अर्ज भरून घ्यायचे. रेशनचा, पेन्शनचा, मुलाच्या दाखल्याचा. पासवर्ड विसरला म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं पेन्शन अडलं होतं आणि तो माणूस माझ्यासमोर गुन्हेगारासारखा बसला होता. हक्क आता खिडकीवर मिळत नाहीत, स्क्रीनवर मिळतात, असं मी बाबांना म्हटलं. मग स्क्रीनच्या पलीकडे आपलं कोणीतरी नको का? बाबांनी ते वाक्य लगेच टिपून ठेवलं. आई म्हणाली, "म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणार. सरळ सांग ना."

विरार पूर्वेला एका मिठाईच्या दुकानावर क्लास होता. हार्डवेअर आणि नेटवर्किंग, सहा महिने. क्लासच्या पत्रकावर 'नोकरीची शंभर टक्के हमी' असं छापलेलं होतं आणि 'हमी'च्या डोक्यावर तांदळाएवढी चांदणी होती. चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. पहिल्याच दिवशी मी त्यावरून सरांशी वाद घातला.

"ताई, चांदणी सगळेच टाकतात," सर म्हणाले.

"मग ती हमीएवढी मोठी टाका."

बाकी क्लास चांगला होता. सर मन लावून शिकवायचे. वायरींना टोकं लावताना माझी बोटं सोलवटून निघाली, खालून येणाऱ्या तुपाच्या वासाने भूक लागायची, आणि सहा महिन्यांनी मी बंद पडलेला कॉम्प्युटर उघडून, पुसून, पुन्हा उभा करू शकत होते. नोकऱ्यांच्या जाहिराती वाचायला लागले तेव्हा खरी गंमत कळली. जागा नवशिक्यांसाठी असायची आणि अट किमान एक वर्षाच्या अनुभवाची.

सरांकडे यावर इलाज तयार होता. "अनुभवाचं पत्र देऊ ना. दोन वर्षांचं. कंपनी ओळखीतली आहे, लेटरहेड एकदम झकास. सगळेच घेतात."

"कंपनी कुठे आहे?"

"चंदनसारला. पण तुला कशाला जायचंय?"

मी गेले. जिथे आपण दोन वर्षं राबलो ती जागा निदान बघून तरी यावी. पत्त्यावरच्या गाळ्यात इस्त्रीचं दुकान होतं. एक काका चादरीवर पाणी शिंपडत उभे होते. मी कंपनीचं नाव सांगून ती इथेच आहे का असं विचारलं.

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. "आहे म्हणजे, पाटी नाही. पत्रं येतात. मी ठेवून देतो."

"काम किती लोक करतात इथे?"

"मी आणि बायको." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "तू पण इथेच होतीस का दोन वर्षं?"

"नाही."

"मग चौकशीचा फोन आला तर काय सांगू?"

"सांगा, कधी बघितली नाही."

"बरं." त्यांनी इस्त्री पुन्हा हातात घेतली. "असं सांगणारी पहिलीच तू. बाकीच्यांचं मी सांगतो, चांगली मुलं होती, वेळेवर यायची."

घरी येऊन हे सांगितलं तर बाबा एकदम ताजेतवाने झाले. त्यांना नव्या पत्रकाचा मथळा दिसायला लागला होता. आई मात्र गवार मोडत राहिली.

"खोटं पत्र घ्यायचं नाही, हे मला पटतं," ती म्हणाली. "पण तत्त्व घरी बसून किती दिवस सांभाळायचं, ते ठरवा. माझं ऐक. खोट्या कागदाशिवाय नोकरी मिळव. मिळाली तर तिथे कायम होऊन दाखव. ते जमलं नाही तर गुपचूप बी.एड.चा फॉर्म भरायचा. आणि तेव्हा मला पत्रक द्यायचं नाही."

मी कबूल केलं. बाबांना साक्षीदार केलं. शिक्षिका होण्यात वाईट काहीच नव्हतं, पण मग क्लासचे सर म्हणाले असते की बघा, पत्र घेतलं नाही म्हणून. आणि ते खरं ठरलं असतं. मला तेच होऊ द्यायचं नव्हतं.

बायोडेटात अनुभवाचा रकाना असतो. काही जण तो कोरा ठेवतात, काही जण चंदनसारचा पत्ता टाकतात. मी लिहिलं: 'अनुभव नाही, कारण तो अद्याप कोणी दिलेला नाही. आपण दिलात तर वर्षभरात असेल.' बाबांनी खाली 'विचार व्हावा' असं घातलं होतं, ते मी खोडलं. असा बायोडेटा मी कुठे कुठे पाठवला याची आता आठवणही नाही. उत्तर एकाच ठिकाणाहून आलं.

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, खोके बनवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर ते ऑफिस होतं. आसपासच्या शाळा, पतपेढ्या, दवाखाने, सोसायट्या अशा चाळीसेक ठिकाणांचे कॉम्प्युटर ते सांभाळत. सगळ्यांचं काम ज्यावर चालतं ती एक सामायिक यंत्रणाही त्यांचीच होती. मुलाखत घेणाऱ्या मॅडम पस्तिशीच्या होत्या. वसईच्या वाडीतल्या, ख्रिस्ती घरातल्या. माझ्याशी शुद्ध पुस्तकी मराठीत बोलल्या. मध्येच त्यांच्या आईचा फोन आला तेव्हा त्या अशा बोलीत बोलायला लागल्या की मला फक्त कोंबडी आणि कुंपण एवढंच कळलं.

फोन ठेवून त्यांनी माझा बायोडेटा समोर धरला. "हे तू लिहिलंस?"

"हो."

"मला वाटलं कामगार संघटनेचं पत्र आलं. साहेबांना दाखवायच्या आधी मी दोनदा बघितलं, आपल्याकडे संघटना झाली की काय." कागद खाली ठेवून त्या म्हणाल्या, "समज, एका शाळेतून फोन आला, प्रिंटर चालत नाही. पहिलं काय विचारशील?"

"एकाचाच बंद आहे की सगळ्यांचा."

"का?"

"एकाचा असेल तर ती तक्रार. सगळ्यांचा असेल तर आंदोलन."

त्या हसल्या नाहीत. ड्रॉवर उघडून त्यांनी केळीच्या सोपात गुंडाळलेली सुकेळी काढली, घरच्या केळ्यांची वाळवलेली, मधासारख्या रंगाची, आणि एक माझ्यापुढे केली. "उत्तर बरोबर आहे. पद्धत भयंकर आहे. सोमवारपासून ये."

पत्रात लिहिलं होतं, तीन महिने परिवीक्षा, नंतर कामगिरी पाहून कायम. आईने ते पत्र कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवलं आणि तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारावर गोल केला.

माझं काम फोन घेण्याचं. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन, आणि पलीकडे कोणीतरी घाबरलेलं. पहिल्या आठवड्यात एका दवाखान्यातल्या बाईंनी मला कळवलं की कॉम्प्युटर मेला आहे. तो मेलेला नव्हता. झाडूवाल्या मावशींनी मोबाईल चार्ज करायला त्याची पिन काढली होती. एका मुख्याध्यापकांनी तक्रार केली की मुलांची नावं स्क्रीनवर उलटी दिसतात. तासाभराने उलगडा झाला की स्क्रीनच उलटी झाली होती आणि सर तासभर मान वाकडी करून काम करत होते. मला या लोकांविषयी जिव्हाळा वाटायला लागला.

वाद झाला तो कारणांच्या यादीवरून. फोन संपला की स्क्रीनवर यादीतलं एक कारण निवडावं लागे. यंत्र बिघाड, नेटवर्क, वीज, आणि शेवटचं 'वापरणाऱ्याची चूक'. पासवर्ड चुकला, खातं कुलूपबंद झालं, की यंत्रणा आपोआप तेच शेवटचं निवडायची. ते मला सहन होईना. मी खालच्या मोकळ्या जागेत लिहायला लागले: 'यंत्राने नीट समजावून सांगितले नाही.'

"असा पर्याय नाही यादीत," मॅडम म्हणाल्या.

"मग यादी अपुरी आहे."

"यादी मी केलीये."

"मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक असतं तर काय केलं असतंस?"

"हेच. पण आधी नमस्कार केला असता."

त्या दिवसापासून त्या मला 'पुढारी' म्हणायला लागल्या. "पुढारी, दोन नंबरचा फोन घ्या." "पुढारी, जेवून घ्या, उपोषण नको." पण यादीला त्यांनी हात लावला नाही.

तिसरा महिना संपत आला. सगळ्या ग्राहकांनी पंधरा दिवसांच्या आत पासवर्ड बदलायचे होते. मॅडमनी मला बोलावलं. "दर वर्षी आपण मेल पाठवतो. दर वर्षी कोणी वाचत नाही. सोळाव्या दिवशी सगळे बंद पडतात आणि मग आपल्या नावाने बोटं मोडतात. या वेळी तू लिही. वाचतील असं लिही."

मी जुना मेल पाहिला. 'सुरक्षा धोरणाच्या अनुषंगाने सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की' असा सुरू होऊन तो कुठेच पोचत नव्हता. असल्या वाक्यांशी लढायला तर माझा जन्म झाला होता. दुपारभर बसून मी लिहिलं:

'आपला पासवर्ड जुना झाला आहे. जुन्या कुलपाची किल्ली किती जणांनी पाहिली असेल, आपल्याला ठाऊक नाही. हे कुलूप दुसरं कोणी बदलणार नाही, आपणच बदलायचं. मोबाईलवर आकडा येईल, तो टाका, नवा पासवर्ड लिहा, कोणालाही सांगू नका. दोन मिनिटांचं काम आहे. सोमवारी, सकाळी ठीक दहा वाजता, आपापल्या टेबलावर. एकही जण मागे राहता कामा नये.'

मॅडमनी वाचलं. शेवटच्या ओळीला थोडं हसल्या. "छान आहे ग. मलाच आत्ता उठून बदलावासा वाटतोय." शुक्रवारी दुपारी त्यांनीच ते सगळीकडे पाठवलं.

सोमवारी दहाला पाच कमी असताना मी खुर्चीत होते. मनात एवढंच, की निदान पाच-सहा ठिकाणी तरी लोकांनी वाचलं असावं.

सगळ्यांनी वाचलं होतं.

नुसतं वाचलं नव्हतं, पाळलं होतं. एका शाळेत मुख्याध्यापिकेने दहाची घंटा द्यायला लावली आणि सगळे शिक्षक संगणक कक्षात उभे केले. एका पतपेढीने काउंटरवर 'सुरक्षेच्या कामासाठी पंधरा मिनिटे बंद' अशी पाटी लावली. एका सोसायटीत सगळे चहा उरकून, हात धुऊन बसले होते. दहा वाजले आणि चाळीस ठिकाणच्या माणसांनी एकाच क्षणी एकच बटण दाबलं.

मोबाईलवर आकडा पाठवणारी सेवा एका वेळी थोडेच आकडे पाठवू शकत होती. बाकीचे रांगेत थांबले. आकडा पाच मिनिटांच्या आत टाकला नाही तर बाद होतो, आणि लोकांच्या हातात तो पोचत होता सहाव्या मिनिटाला. त्यांनी तो टाकला, चुकला. दुसरा मागवला, आधीचा आला, तो टाकला, चुकला. तीनदा चुकलं की खातं कुलूपबंद. सव्वादहापर्यंत आमच्या सगळ्या ग्राहकांनी माझ्या पत्रकाबरहुकूम, एकही जण मागे न राहता, स्वतःला स्वतःच्या कामातून बाहेर काढलं होतं.

मग फोन वाजायला लागले. ऑफिसातले पाचही फोन एकदम, मग साहेबांचा मोबाईल, मग खालच्या खोके कारखान्याचासुद्धा, कारण कोणाकडे तरी तो नंबर होता.

मॅडम एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने माझी सूचना पुन्हा वाचत होत्या. फोनवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "तू वेळ का दिलीस ग?"

"पत्रकात वेळ द्यावी लागते."

"कोणी सांगितलं?"

"बाबांनी."

त्यांनी डोळे मिटले. बहुधा त्या प्रार्थना करत असाव्यात. निदान मी तसा समज करून घेतला.

एकेक खातं उघडायला दुपारचे तीन वाजले. कोणाचं काही गेलं नाही, कामाचा अर्धा दिवस मात्र गेला. बाबांच्या पाण्याच्या मोर्चाला अकरा माणसं आली होती, त्यांत आम्ही घरचे तिघं. माझ्या पहिल्याच हाकेला सगळा तालुका उठला होता, आणि मी त्याची माफी मागत बसले होते. हे मनात आलं आणि मला हसू फुटलं. तेवढ्यात एका पतपेढीतल्या बाईंचा फोन आला.

त्या पन्नाशीच्या पुढच्या होत्या, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली. माझ्याशी नेहमी बोलायच्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "बाळा, माझ्याकडूनच काहीतरी भलतं दाबलं गेलं असणार. आमचे साहेब आधीच म्हणतात, कॉम्प्युटर तुम्हाला झेपत नाही. तुमच्याकडे काय लिहून येतं ग याचं?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. त्यांच्या नावापुढे यंत्रणेने आपणहून भरलं होतं: 'वापरणाऱ्याची चूक'. त्यांच्या खाली दुसरं नाव, तेच. त्याखाली तिसरं, तेच. पानंच्या पानं. महिनाअखेर हीच पानं प्रत्येक ग्राहकाकडे अहवाल म्हणून जायची.

"ताई, तुमची चूक नाही. माझी आहे," मी म्हटलं.

"तू बरी बोलतेस," त्या म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसला नव्हता.

चार वाजता साहेबांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. साहेब तसे मनाने चांगले. आरडाओरडा करत नाहीत, पेनाचं टोपण काढतात आणि लावतात. ग्राहकांना पाठवायचा मेल त्यांनी तयार ठेवला होता. 'तांत्रिक अडचणीमुळे सेवेत व्यत्यय आला, दिलगीर आहोत.' एकच ओळ.

"साहेब, तांत्रिक अडचण नव्हती," मी म्हटलं. "मी होते."

"ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांना कशाला?"

"कारण त्यांच्या अहवालात त्यांची चूक म्हणून जातंय. आपण म्हणणार तांत्रिक अडचण, अहवाल म्हणणार तुम्हीच चुकलात. पतपेढीतल्या एका बाईंची नोकरीत आधीच कुचंबणा चाललीये."

साहेबांनी टोपण लावलं. "तुझे तीन महिने शुक्रवारी पूर्ण होतात. तुझं पत्र माझ्याच टेबलावर येणार आहे. नवीन मुलीने सूचना लिहिली आणि सगळं बंद पडलं, असं चाळीस ठिकाणी कळवल्यावर मी तुला कायम कशी करू? ग्राहक विचारतील, ही तिथे अजून काय करते?"

मला आईने केलेला गोल दिसत होता. बी.एड.चा फॉर्म दिसत होता. क्लासचे सर मिठाईच्या दुकानावर उभे राहून मान हलवताना दिसत होते. तरीही मी बोलले असते. पण तोंड उघडलं आणि लक्षात आलं, सूचना लिहिली मी, ती वाचून पाठवली मॅडमनी. खरं कारण लिहायचं तर त्यात त्याही येणार. माझं तत्त्व मी माझ्या नोकरीवर लावायला मोकळी होते. त्यांच्या नोकरीवर लावायला मला कोणी सांगितलं होतं? पत्रकांच्या घरात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न उशिरा पडतो. आमच्या पत्रकांत चूक नेहमी पलीकडच्यांचीच असायची.

मी गप्प झाले.

"गप्प का बसलीस?" मॅडम म्हणाल्या. "आजच नेमकी?"

"तुमचं नाव येईल."

"यायलाच हवं. मी वाचलं होतं. मला आवडलं म्हणून पुढे पाठवलं, डोकं चालवलं नाही. डोकं चालवायचा पगार मला मिळतो, तुला नाही." मग त्या साहेबांकडे वळल्या. "आमच्या वाडीत विहिरीवर पाण्याची पाळी असते. सगळ्यांनी एकदम पंप लावले तर कोणाच्याच केळीला पाणी नाही. हे मी लहानपणापासून बघत आलेय, आणि तरी चाळीस जणांना एकच वेळ देऊन मोकळी झाले. कारण लिहा, साहेब. खाली दोघींची नावं घाला. आणि अहवालात जाणारं ते 'वापरणाऱ्याची चूक' मी आज बदलते. यादी माझीच आहे."

साहेबांनी पेन बाजूला ठेवलं. "दोघी मिळून दुकान बंद करा माझं," ते म्हणाले आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

मी लिहिलं: 'सोमवारी यंत्रणेत बिघाड नव्हता. आम्ही पाठवलेल्या सूचनेत सर्वांना एकच वेळ दिली होती. ती द्यायला नको होती. आपण सूचना तंतोतंत पाळलीत, यात आपली कोणतीही चूक नाही. आता पासवर्ड कधी बदलायचा, याची पाळी प्रत्येक ऑफिसला वेगळी कळवू.' सूचना कोणी लिहिली, कोणी मंजूर केली, तेही खाली घातलं. साहेबांनी 'कोणतीही' हा शब्द काढला, पुन्हा घातला, आणि पाठवलं.

पुढचे तीन दिवस मी पाळ्या लावत होते. सकाळी शाळा, जेवणानंतर पतपेढ्या, दवाखाने बंद असतात त्या दुपारच्या वेळेत दवाखाने. एकदाही काही अडलं नाही. एका ठिकाणाहून रागाचं पत्र आलं, ते योग्यच होतं. बाकीच्यांनी काही लिहिलं नाही. पतपेढीतल्या बाईंनी गुरुवारी फोन केला.

"बाळा, तो मेल मला कागदावर छापून हवाय. आमच्याकडचा प्रिंटर चालत नाही."

"तुमचा एकटीचा, की सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा. पण तो आत्ता राहू दे. तू आधी कागद पाठव. आमच्या साहेबांच्या टेबलावर काचेखाली ठेवायचाय."

मी मेल छापून कुरिअरने पाठवला, आणि मग स्क्रीनवरून त्यांचा प्रिंटर बघितला. त्यात कागदच नव्हता. कारणाच्या रकान्यात नवा पर्याय आला होता, तो मी निवडला: 'इतर'. मॅडम एवढ्याच पुढे यायला तयार झाल्या होत्या.

शुक्रवारी साहेबांनी पत्र दिलं. परिवीक्षा आणखी तीन महिन्यांनी वाढवण्यात येत आहे. कारण: सूचना लिहिताना अतिउत्साह. मी ते तिथेच दोनदा वाचलं. वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि त्याचंच मला वाईट वाटलं. मॅडमनाही एक पत्र मिळालं होतं. त्यात काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

घरी आई पोळ्या लाटत होती. पत्र तिने ओल्या हाताने धरलं, कडेला पीठ लागलं.

"म्हणजे कायम नाही," ती म्हणाली.

"नाही."

बाबा काहीतरी बोलायच्या बेतात होते. आईने लाटणं नुसतं वर केलं आणि ते थांबले.

"चूक तुझीच होती?"

"हो."

"आणि तू तसं लिहून दिलंस?"

"हो. मॅडमनीही दिलं."

"आणि ते त्यांनी सगळीकडे पाठवलं. आणि तरी तुला काढलं नाही."

"नाही काढलं."

तिने पोळी तव्यावर टाकली, उलटली, फुगेपर्यंत थांबली. बाबांच्या शाळेत, तिच्या नात्यात, तिने बघितलेल्या ऑफिसांत असं कधी घडलं होतं का, ते ती बहुधा आठवून बघत होती. मग पोळी उतरवून ती म्हणाली, "बी.एड.चे फॉर्म पुढच्या वर्षीही निघतात. उद्या शनिवार, अर्धाच दिवस ना? डबा देऊ का, जेवायला घरी येशील?"